तुम्ही विचारलंत म्हणून: तंबाखूच्या कचऱ्यावर ड्युटी कसली?

मी वास्कोत कस्टमची कागदपत्रं करतो हे कळलं की लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न येतो. फोंड्याकडचे कुळागरवाले, म्हणजे माड-पोफळीच्या बागांचे मालक, विचारतात, वेर्ण्याच्या औषध कारखान्यातले खरेदीवाले विचारतात. "बाहेरून तंबाखूची भुकटी, देठं स्वस्तात मिळतायत. कारखान्याने टाकून दिलेला माल तो, त्याला तंबाखूचे नियम कशाला?"

कारण टॅरिफ, म्हणजे कुठल्या मालाला कुठला कोड नि किती ड्युटी याची सरकारी यादी, या कचऱ्याला विसरलेलं नाही. चॅप्टर २४ चं पहिलंच हेडिंग, २४०१, कच्च्या तंबाखूचं आणि त्याच्या टाकाऊ भागाचं आहे. पानाची मधली शीर, देठ, कातरण, चाळणीखालची भुकटी, सगळं २४०१ ३० मध्ये जातं. पानं हाताळताना पडलेलं असो की सिगारेटच्या कारखान्यात यंत्राखाली साचलेलं. माडाच्या मुळात घालणार म्हणून ते ३१०१ चं खत होत नाही, नि फवारणीचा काढा करणार म्हणून ३८०८ चं कीटकनाशकही होत नाही. बंदरात उतरताना माल काय आहे ते बघतात. तुम्ही पुढे त्याचं काय करणार, ते नाही.

गंमत अशी की पानाच्या बाबतीत आपल्याच टॅरिफने हा नियम वाकवलाय. देठ न काढलेलं पान विडीसाठी असेल तर २४०१ १० ५०, खायच्या तंबाखूसाठी असेल तर २४०१ १० ६०. तिथे उपयोग विचारतात. कचऱ्याला मात्र सरसकट एकच कोड, २४०१ ३० ००.

खरी भांडणं पुढे होतात, भुकटीवर कुणी काही केलं की. तीच भुकटी चिकटद्रव्य घालून कागदासारख्या तावात दाबली की ती २४०३ ९१ मध्ये जाते. तिचा अर्क काढला तर २४०३ ९९ ६०. त्यातून निकोटीन वेगळं काढलं तर तंबाखूचा चॅप्टरच सुटतो, माल २९३९ मध्ये, रसायनांत. आणि त्या निकोटीनचं च्युइंगम केलं की पुन्हा चॅप्टर २४, हेडिंग २४०४. हे हेडिंग २०२२ मध्ये नवीन आलं. वेर्ण्याच्या मंडळींना मी म्हणूनच आधी विचारतो, ड्रममध्ये नक्की काय आहे? पुरवठादार बिलावर नुसतं 'टोबॅको प्रॉडक्ट' लिहून मोकळा होतो. पुढे नमुना प्रयोगशाळेत गेला की डिटेन्शनचं, म्हणजे कंटेनर अडकून राहिल्याचं भाडं तुम्ही भरता. (ई-सिगारेटचा विषय काढू नका. २०१९ च्या कायद्याने तिची आयातच बंद आहे, कोड कुठला हा प्रश्नच उरत नाही.)

ड्युटीचा दर मी तोंडी सांगत नाही, अधिसूचना निघते नि बदलतो. त्या दिवशीचा बघायचा. माल वनस्पतीजन्य, तेव्हा २००३ चा प्लांट क्वारंटाइन आदेशही (मालाबरोबर कीड-रोग देशात येऊ नये म्हणूनचे नियम) ऑर्डर देण्याआधी उघडायचा, जहाज सुटल्यावर नव्हे.

"कचरा लिहून टाका, कोण बघतोय" असं म्हणणारेही भेटतात. २०११ पासून बिल ऑफ एंट्रीवर, म्हणजे आयातीसाठी कस्टमकडे भरायच्या कागदावर, वर्गीकरण आयातदारानेच ठरवायचं असतं, म्हणजे सही तुमची. लिहिलेलं नि उतरलेलं जुळलं नाही तर कस्टम कायद्याच्या कलम १११ (एम) खाली माल जप्त होऊ शकतो, ११२ खाली दंड वेगळा. शंका खरीच असेल तर अॅडव्हान्स रूलिंग, म्हणजे वर्गीकरणाचा आगाऊ निर्णय मागा, त्यासाठी मुंबईत प्राधिकरण आहे. पण अर्जाला पुरवठादाराचा प्रक्रियेचा कागद जोडा: पान कुठून आलं, कुठे कापलं, काय मिसळलं. हा एक कागद मिळवायला लोक का कंटाळतात, मला अजून कळलेलं नाही.

कुळागरवाल्यांना मात्र मी यातलं काहीच सांगत बसत नाही. दोन-चार पोती भुकटीसाठी परदेशी कंटेनर कशाला? घाट चढून निपाणीला जा. तंबाखूचीच पेठ ती, आणि बिल ऑफ एंट्रीही लागत नाही.