येनान: फलकावर नसलेला माणूस

शीआनचे मातीचे सैनिक पाहून झाले. गर्दीत फक्त टाळकीच दिसली, त्यावर अधिक लिहीत नाही. लिहायचंय ते येनान या चिनी कम्युनिस्टांच्या जुन्या तळाबद्दल, कारण तिथून निघाले ती वैतागूनच.

सोलापूरकरांना हे गाव डॉ. कोटणीसांमुळे ठाऊक. १९३९ साली भारतीय वैद्यकीय पथक इथे पोहोचलं, नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. म्हणून हट्टाने गेले, तर तिथल्या यांगजियालिंगला, पक्षाच्या तेव्हाच्या मुख्यालयात, जत्राच! लाल सेनेचे भाड्याचे गणवेश चढवून काका-काकू फोटो काढतायत (आमच्या ह्यांनीही एक घातलाच), आणि गाइडमंडळींच्या कर्ण्यांची आपसात जुंपलेली. डोंगरात कोरलेली घरं मात्र देखणी: कमानीची दारं, लाकडी जाळीच्या खिडक्यांना चिकटवलेला पांढरा कागद.

इथेच मे १९४२ मध्ये माओंनी साहित्यिकांना जमवून काय लिहायचं ते सांगितलं. त्याआधी मार्चमध्ये वांग शिवेई या लेखकाने पक्षाच्याच दैनिकात विचारलं होतं, की समतेच्या गप्पा मारता, मग कपड्यांचे तीन आणि जेवणाचे पाच दर्जे कशाला? झालं! त्याच्यावर सभा भरल्या, त्याला ट्रॉट्स्कीवादी (म्हणजे स्टॅलिनविरोधी गद्दार) ठरवलं, पक्षातून काढलं, १९४३ मध्ये अटक केली. लेखिका तिंग लिंगबाईंनीही तेव्हा पक्षावर टीका केली होती. त्या सभेत त्याच्यावर घसरल्या आणि वाचल्या. १९५७ मध्ये 'उजव्या' म्हणून त्यांचाही नंबर लागला.

१९४३ च्या जुलैत पक्षाचा हेरखात्याचा प्रमुख कांग शेंगने 'वाचवा' मोहीम काढली. वाचवायचं कसं, तर माणसाला झोपू न देता, दरडावून 'मी हेर आहे' असं वदवून घ्यायचं. बहुतेक कबुल्या पुढे खोट्या निघाल्या. वांगला मात्र १ जुलै १९४७ ला ठार मारलं, आणि निर्दोष ठरवलं ते १९९१ मध्ये!

फलकांवर त्याचं नाव शोधलं, मला तरी दिसलं नाही. गाइड मुलीला विचारलं तर ती गोड हसली आणि कोटणीसांबद्दल भरभरून बोलू लागली. ऐकायला बरं वाटलं, हेच जास्त खुपलं.

दुपारी खानावळीत बड्या पाहुण्यांसाठी आम्हाला टेबलावरून उठवून दाराशी बसवलं. त्यांना आतली खोली, आम्हाला मटणाच्या रश्श्याचा वास. मी शाकाहारी म्हटल्यावर राळ्याची पेज आली, तीही अर्ध्या तासाने. आमचा दर्जा पाचवाच असावा.