तीन वर्षं म्हणजे किती

काल रात्री ताईशी फोनवर बोलताना मी सहज बोलून गेले, "खूप झाली ना गं आईला जाऊन तीन वर्षं", आणि ती गप्पच झाली. मग म्हणाली, "मला तर कालचं वाटतं." विषय बदलला, फोन ठेवला, पण तिचं ते गप्प होणं अजून डोक्यातून जात नाहीये.

ताईला आई दिसते. डोळे मिटले की ओट्यापाशी, पदर खोचलेला, पातेल्यावर झाकण ठेवताना. मी डोळे मिटले की काळोख, बास. इतकी वर्षं मला वाटायचं "डोळ्यांसमोर उभी राहते" हे नुसतं म्हणायचं असतं. १८८० मध्ये गाल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने लोकांना विचारलं होतं की आज सकाळचं नाश्त्याचं टेबल मनात आणा, किती स्पष्ट दिसतंय, तर कितीतरी शास्त्रज्ञांनी हेच सांगितलं की असं काही दिसत नसतं, बोलायची पद्धत आहे ती. २०१५ मध्ये अ‍ॅडम झेमन या मेंदूच्या डॉक्टरांनी या न दिसण्याला नाव दिलं, अफँटेशिया. वाचून बरं वाटलं, पण अर्ध्या तासाने परत तेच, की मग माझं प्रेमच कमी पडलं का.

ताईला तर वर्षही दिसतं, गोल. मे महिना खाली पसरलेला, दिवाळी वर उजवीकडे, आणि आईचा दिवस श्रावणाच्या वळणावर, म्हणजे ती दरवर्षी फिरून त्याच जागी येते, तिला ते लांब वाटेलच कसं. माझ्याकडे नुसती यादी आहे. तारीख, कोण कोण आलं होतं, अँब्युलन्सला किती वेळ लागला... जाऊदे ते.

की हा स्वभावच? गाडीच्या तासभर आधी स्टेशनवर जाऊन बसणारी मी, आई म्हणायचीच, हिचं सगळं लक्ष उद्यावर. मागे बघायला चित्र नाही म्हणून मी पुढे बघते, की पुढेच बघत राहिले म्हणून मागचं काही उरलं नाही, हे काही केल्या सुटत नाही. आपल्याकडे परवा म्हटलं तर होऊन गेलेलाही आणि यायचाही, तसं काहीतरी माझं असावं.

दुपारी रव्याचा डबा घासायला काढला. बाजूला आईचं नाव, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, खाली १४-५-८६. डोळे मिटून त्यावरून बोट फिरवलं. वेलांटीपाशी जरा खरखरीत लागतं. दिसलं काहीच नाही, पण पुढचं अक्षर कुठे वळतं ते बोटाला आधीच माहीत होतं, आणि मी किती वेळ तशीच उभी होते कोण जाणे, नळ चालूच होता.

ताईला फोटो पाठवला. लगेच उत्तर आलं, "अगं हा तुझ्या बारशाचा! आईने पिवळी साडी नेसली होती, हिरव्या काठांची, आणि तू सारखी तिचा पदर ओढत होतीस."

मी डायरीत लिहून ठेवलं. पिवळी, हिरवे काठ.