बीम्स आलं, खर्चमेळ तिथेच राहिला

राज्याच्या अर्थसंकल्पी हिशेबात सुधारणा झाली नाही असं मी म्हणणार नाही. बीम्स या सरकारच्या ऑनलाइन अर्थसंकल्प प्रणालीमुळे कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या ठरलेल्या सदराखाली, किती तरतूद शिल्लक आहे ते डीडीओला (देयकं काढणाऱ्या आहरण व संवितरण अधिकाऱ्याला) समोर दिसतं, आणि तरतूद नसेल तर खर्चाची मुभा देणारं प्राधिकारपत्रच निघत नाही. देयक कोषागारात जातं, पारित होतं, पैसे जमा होतात. इथवर तक्रार नाही.

पण झालेला खर्च लेख्यात चुकीच्या जागी पडला, तर? ते पकडायचं काम खर्चमेळाचं, म्हणजे आमचे खर्चाचे आकडे महालेखापालांच्या लेख्यांशी जुळवून पाहण्याचं.

आमच्या कार्यालयाकडे दोन योजना. एकीचं देयक पारित झालं आणि महिन्याच्या हिशेबात दुसरीच्या नावावर दिसलं. प्राधिकारपत्रावर लेखाशीर्ष बरोबर छापलेलं. तरीही कागदावर एका योजनेत आम्ही मंजुरीपेक्षा जास्त उधळलेले, दुसरीत पैसे कुजवत बसलेले! अशी चूक वेळेत सुटली नाही तर मंजूर तरतूद आणि झालेला खर्च शेजारी मांडणाऱ्या विनियोजन लेख्यांत जाते. मग विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढे विभागाला खुलासा करावा लागतो, आणि तो लिहायला खालीच येतो.

दुरुस्तीसाठी महालेखापाल कार्यालयात गेलो, तिथे पहिलं उत्तर, "नियंत्रण अधिकाऱ्यांमार्फत या." आलो. मग म्हणे, मूळ प्रमाणकाची (पारित देयकाच्या व्हाउचरची) प्रत जोडा. अहो, मूळ प्रमाणक मासिक लेख्यासोबत तुमच्याकडेच आलंय! "ते शोधायला वेळ लागेल." मग छापील नमुना मिळाला, त्यात "योजनांतर्गत / योजनेतर" असा रकाना. हा भेद 2017-18 च्या अर्थसंकल्पापासून संपला. काय लिहू, विचारलं. "काहीतरी लिहा, रिकामं ठेवू नका." टेबलावरचे साहेब रजेवर, मग प्रशिक्षणाला, मग त्यांचं टेबलच बदललं. आमचा अर्ज नव्या साहेबांना ठाऊकच नाही. तोवर मार्च जवळ आलेला. वर्षाचे लेखे बंद झाले की अशी दुरुस्ती करून घेणं फार अवघड, म्हणून माझी झोप उडाली होती.

गाडं हललं ते कोषागारातल्या एका जुन्या लेखापालांमुळे. ते म्हणाले, प्रतीच्या मागे लागू नका. प्रमाणक क्रमांक, दिनांक आणि रक्कम यांचा साक्षांकित उतारा आमच्याकडून घ्या. तो जोडला आणि अर्ज पुढे सरकला. दुरुस्त झालेली नोंद मी दोनदा तपासली, आणि खरं सांगायचं तर ते पान सगळ्या कार्यालयाला दाखवत फिरलो.

म्हणून प्रमाणक क्रमांक देयक पारित झालं त्याच दिवशी वहीत उतरवा, आणि खर्चमेळ दरमहा घ्या, मार्चवर ढकलू नका. पत्रात बीम्सचा आठ अंकी संकेतांक लिहून थांबू नका. मुख्य शीर्षापासून खालपर्यंत पूर्ण लेखाशीर्षही लिहा, नाहीतर ते परत येतं. आणि हो, अर्जाच्या पोचपावतीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलू नका. नव्या साहेबांना पटलं ते त्या क्रमांकामुळेच.