एक पासवर्ड द्यायला तुमचं काय जातं?

"मॅडम, एक पासवर्ड द्यायला तुमचं काय जातं?" मी हॉस्पिटलची कॉम्प्युटर सिस्टिम सांभाळते, आणि हे मला आरएमओंनी, म्हणजे निवासी डॉक्टरांनी विचारलंय, बिलिंगवाल्यांनी विचारलंय, विम्याचे क्लेम बघणाऱ्या टीपीए डेस्कवरच्या मुलाने विचारलंय. गेल्या दिवाळीत इंदिरानगरला आत्याकडे गेले तर तिनेही विचारलं. तिला शेजारणीच्या सुनेचा रिपोर्ट 'नुसता बघून' हवा होता. दर वेळी मी "नियम आहे" म्हणते आणि विषय संपवते. तुम्ही इतक्यांदा विचारलंत म्हणून आज पूर्ण सांगते.

नियम आहेच. एचआयव्हीबाबतचा 2017 चा कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. ज्या संस्थेकडे अशा नोंदी आहेत तिने त्या सुरक्षित ठेवायच्या, आणि काही ठरावीक अपवाद सोडले तर रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती कुणाला सांगायची नाही, असं त्यात स्पष्ट आहे. पण कायदा वाचून मी अशी झाले नाही. कायदा आला तेव्हा मी याच नाशिकमधल्या एका हॉस्पिटलची सिस्टिम सांभाळत होते, आणि तिथल्या प्रत्येक वॉर्डला एकच लॉगिन मीच करून दिलं होतं. वॉर्ड 1, वॉर्ड 2, वॉर्ड 3.

का दिलं? इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या होत्या, "मॅडम, सलाईन लावू की पासवर्ड आठवत बसू?" मला ते पटलं. खरं तर आजही पटतं. एका सिस्टरकडे दहा-बारा पेशंट, तीन शिफ्ट, त्यात रिलिव्हर. दर वेळी लॉगआउट, दर वेळी लॉगिन. शिवाय लॅबचे सगळे रिपोर्ट वॉर्डच्या लॉगिनला दिसत होते. शुगर, क्रिएटिनिन आणि एचआयव्ही, सगळं एकाच यादीत. ते वेगळं काढायचं मला सुचलंच नव्हतं.

2022 च्या श्रावणात एक माणूस माझ्या केबिनमध्ये आला. सातपूरकडचा, कंपनीत कामाला. त्याची बायको वॉर्ड 3 मध्ये ऑपरेशनसाठी होती. एचआयव्हीचं दोघांचं दोघांना माहीत होतं, घरी कुणाला नव्हतं. डिस्चार्जनंतर चौथ्या दिवशी त्यांच्या चाळीत सगळ्यांना कळलं होतं. सासूने तिची ताटवाटी वेगळी केली होती. तो ओरडला नाही. फाइलची प्लास्टिकची पिशवी मांडीवर घट्ट धरून बसला होता आणि एवढंच म्हणाला, "कोणी बघितलं, तेवढं सांगा. मी भांडायला नाही आलो."

मी लॉग काढला, म्हणजे कोणत्या आयडीवरून काय कधी उघडलं याची सिस्टिममधली नोंद. रिपोर्ट तीनदा उघडला होता. दोनदा डॉक्टरांनी, राउंडच्या वेळी. तिसऱ्यांदा रात्री 11:42 ला, नर्सिंग स्टेशनच्या मशीनवरून. युजर: वॉर्ड 3.

ते लॉगिन तेवीस जण वापरत होते. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला होता. आकडे पुसट झाले म्हणून कुणीतरी निळ्या पेनने वरून गिरवलेही होते. कॅमेरा होता, पण त्याचं तोंड कॉरिडॉरकडे. मी त्या माणसाला सांगितलं, "वॉर्डमधून उघडलंय." तो म्हणाला, "ते मलाही माहीत होतं, ताई."

मॅनेजमेंटला कुणीतरी हवं होतं. त्या रात्रीच्या ड्युटीवरच्या एका मावशींना कमी केलं. कंत्राटी होत्या, पंचवटीहून चालत यायच्या. आयकार्ड जमा करायला माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मला तर ते चालूसुद्धा करता येत नाही हो मॅडम." मी एकदा वर जाऊन सांगितलं, की या लॉगवरून कुणाचंच नाव सिद्ध होत नाही. त्यांनी विचारलं, "मग कोणाचं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्यांदा मी गेले नाही. जायला हवं होतं.

"रिपोर्टमुळेच कळलं कशावरून? कुणाच्या तोंडूनही गेलं असेल," असं मला तेव्हाही म्हणाले. असेल. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं असतं तर निदान तेवढं तरी कळलं असतं. त्या मावशींचं नाव त्यात नाही हे एका कागदावर दाखवता आलं असतं.

म्हणून आता जिथे आहे तिथे एक माणूस, एक आयडी. बिलिंगला बिलं दिसतात, आजाराचं निदान दिसत नाही. एचआयव्ही, गर्भपात, मानसोपचार यांच्या नोंदी फक्त उपचार करणाऱ्या टीमला. ओटीतले, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधले, म्हणतात, आमच्या हाताला रक्त लागतं, आम्हाला कळायलाच हवं. मी म्हणते, हातमोजे प्रत्येक पेशंटच्या वेळी घालायचे असतात, रिपोर्ट बघून नाही. इथे मी मागे हटत नाही.

एका ठिकाणी मात्र हटले. मुंबई नाक्यावरच्या अपघातातला पेशंट रात्री आला, त्याची जुनी फाइल दुसऱ्या विभागाखाली होती, ड्युटी डॉक्टरला ती उघडेना. मला फोन, मी झोपेत, नऊ मिनिटं गेली. पेशंट वाचला. डॉक्टर सकाळी म्हणाले, "वाचला नसता तर तुम्ही कोणता लॉग दाखवला असता?" त्यानंतर आणीबाणीचं बटण केलं. कारण टाइप करा, फाइल लगेच उघडते. दुसऱ्या दिवशी ती सगळी कारणं मी स्वतः वाचते. काहींत 'अर्जंट' एवढंच असतं, काहींत नुसता एक टिंब. त्यातलं खरं किती, मला ठरवता येत नाही. बटण काढून टाकावं असं आठवड्यातून एकदा वाटतं, आणि मग ती नऊ मिनिटं आठवतात.

गेल्या आठवड्यात एका वॉर्डात कीबोर्ड उचलला तर खाली चिठ्ठी. एका सिस्टरचा आयडी, तिचा पासवर्ड. मी चिडून बोलले. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "रात्रपाळीला दोन नव्या मुली आल्यात. त्यांचे फॉर्म तीन दिवस तुमच्या ऑफिसात पडून आहेत. तोवर औषधं कुठून बघायची त्यांनी?"

फॉर्म खरंच माझ्या टेबलावर होते, दुसऱ्या फाइलखाली. दोन्ही आयडी मी त्याच दुपारी केले. चिठ्ठी फाडायला घेतली होती, पण ती अजून ड्रॉवरमध्येच आहे.