"मामा, मना नंबर लागी का?"

भाचा सुट्टीवर आलाय. काल जेवणं झाल्यावर ओट्यावर बसलो होतो, तर मधेच म्हणाला, "मामा, मना नंबर लागी का?"

नंबर म्हणजे त्या पंचवीस टक्क्यांतला. तो अग्निवीरांच्या पहिल्या बॅचचा. २०२७ च्या सुरुवातीला त्याची चार वर्षं भरतील. शंभरातली फार तर पंचवीस पोरं पुढच्या १५ वर्षांसाठी ठेवतील, बाकीची चार वर्षांत साठलेल्या सेवानिधीचे साधारण १० लाख घेऊन घरी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही.

मी आर्टिलरीत २४ वर्षं काढली. ३१ मे २०२२ ला हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. पेटी नीट उघडलीही नव्हती, तोच १४ जूनला ही अग्निवीरांची अग्निपथ योजना जाहीर झाली. करोनामुळे दोन वर्षं भरतीच नव्हती. बोरी नदीच्या काठाला पळणारी आमची पोरं वयातून जायला लागली होती. त्या एका वर्षापुरती वयाची २३ पर्यंत सवलत दिली, म्हणून भाचा बसला.

फौज तरुण हवी, सरासरी वय ३२ वरून २६ वर आणायचं, हे मला पटतं. डोंगर चढायला विशीतलेच पाय लागतात. पेन्शनचा बोजाही खोटा नाही. पण एक गोष्ट सांगतो. देवळालीच्या रेंजवर फायरिंग चालू होतं. दोरी ओढली आणि तोफ बोललीच नाही. दोन वर्षांची सर्व्हिस झालेलं पोर ब्रीच, म्हणजे तोफेचं मागचं तोंड, उघडायला झेपावलं. मी त्याचं मनगट धरलं ते सोडलंच नाही. आत चार्ज धुमसत असला तर उघडणाऱ्याचं काही शिल्लक राहत नाही, म्हणून थांबायचं असतं. हे त्या पोराला पाठ होतं. पण घाईच्या वेळी पाठ केलेलं हाताला आठवत नाही. माझंही मनगट असंच एका उस्तादांनी धरलं होतं, तेव्हा त्यांची सोळा वर्षं झाली होती. तोफेवर नंबर वन, म्हणजे त्या तोफेचा प्रमुख, व्हायला मला नऊ वर्षं लागली. चौथ्या वर्षी मी ४३ किलोचा गोळा उचलत होतो आणि उस्तादांकडे बघत होतो.

थोडी सर्व्हिस काही नवी नाही. आमच्या गल्लीतले एक बाबा जुन्या फौजेतले. त्यांच्या वेळी ७ वर्षं कलर सर्व्हिस, म्हणजे प्रत्यक्ष फौजेत, आणि ८ वर्षं रिझर्व्ह, म्हणजे घरी, पण गरज पडली तर परत हजर. घरी येऊन त्यांनी कपाशी केली, पण नाव फौजेच्या कागदावर राहिलं, आणि १५ वर्षं भरल्यावर लहानशी पेन्शन लागली. माझं मागणं तेवढंच आहे. निदान निम्मी पोरं ठेवा, आणि ज्यांना परत पाठवाल त्यांचं नाव रिझर्व्हात राहू द्या.

बहीण त्याच्यासाठी मुलगी बघतेय. धरणगावकडच्या पाहुण्यांनी चहाआधीच विचारलं, "पंचवीसमा शे का?"

काल मी त्याला "पय," म्हणजे पळ, एवढंच म्हणालो. आज पहाटे साडेचारला उठून तो बोरीच्या काठाला गेला. मी घड्याळ घेऊन मागोमाग गेलो. १६०० मीटर, ५ मिनिटं १० सेकंद. भरतीत तो स्वतः पळाला होता, त्यापेक्षा आठ सेकंद कमी.