त्रेचाळीस सत्कार आणि एक ग्रंथदिंडी

भाताची सुगी आटोपून थंडी पडू लागली की बेळगाव तालुक्यात ग्रामीण साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, उचगाव, बेळगुंदी, सांबरा, येळ्ळूर, कुद्रेमानी या गावांनी आपापली संमेलने नेटाने चालवली आहेत आणि बेळगाव शहराने तर १९२९, १९४६ आणि २००० अशी तीन वेळा अखिल भारतीय संमेलने भरवली आहेत. त्यामुळे संमेलन कसे असते हे इथल्या गावकऱ्याला सांगावे लागत नाही. कार्यक्रमांचे नियोजन हा माझा व्यवसाय असला तरी लग्नापेक्षा संमेलन मला नेहमीच अवघड वाटते, कारण लग्नात मुहूर्त सगळ्यांना धाकात ठेवतो आणि संमेलनाला मुहूर्तच नसतो.

ज्या संमेलनाविषयी लिहितो आहे ते चंदगड तालुक्याच्या हद्दीजवळच्या एका गावात भरले होते. शाळेच्या पटांगणावर मांडव, दीड हजार माणसांचे जेवण, सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन व अध्यक्षीय भाषण, त्यानंतर कथाकथन, परिसंवाद आणि शेवटी कविसंमेलन असा बेत होता. पोलीस ठाण्याची परवानगी, ध्वनिक्षेपकाचा परवाना, तात्पुरती वीजजोडणी आणि जोडीला जनरेटर ही कामे आधीच मार्गी लागली होती. पाण्याच्या बाबतीत मी अंमळ जास्तच काटेकोर असतो. १९२४ च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा गंगाधरराव देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यासाठी टिळकवाडीत विहीर खोदून घेतली. ती काँग्रेस विहीर आजही तिथे आहे. आमच्या व्यवसायात नवीन आलेल्या मुलांना मी ती मुद्दाम दाखवतो, कारण व्यासपीठाच्या सजावटीआधी पाण्याचा विचार करणारी माणसे याच गावात होऊन गेली हे त्यांनी पाहावे असे मला वाटते.

जेवणाचा हिशेब मात्र समितीला पटवून द्यावा लागला. पंगत बसवायचा त्यांचा आग्रह होता. दोनशे पानांची एक पंगत उठून दुसरी बसेपर्यंत अर्धा तास सहज जातो, म्हणजे दीड हजार माणसांना जवळजवळ चार तास लागणार, हे कागदावर मांडून दाखवल्यावर सहा ठिकाणी वाढप करून रांगेने जेवण देण्याचे ठरले. पंगत फक्त वयस्कर मंडळींसाठी राहिली. आचाऱ्याने मसालेभातासाठी माणशी सव्वाशे ग्रॅम तांदूळ धरला. मांडव आणि ध्वनियंत्रणेची मुले गोकाककडची, कन्नड बोलणारी असल्याने दिवसाचा वेळापत्रकाचा तक्ता मी दोन्ही भाषांत लिहून जागोजागी चिकटवला होता.

खरी अडचण होती ती सत्कारांची. समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळा गाव अण्णा म्हणतो, त्यांनी देणगीदार, जमीनदाते, निवृत्त शिक्षक आणि सैन्यातून परतलेले जवान अशी त्रेचाळीस नावांची यादी माझ्या हाती दिली. शाल, श्रीफळ, हार, छायाचित्र आणि नाव पुकारणे धरून एका सत्काराला दीड मिनिट लागते. पाहुणा ‘दोन शब्द’ बोलायला सरसावला तर पाच. तेवढा तासभर उद्घाटनातून काढायचा म्हणजे अध्यक्षीय भाषण जेवणाच्या तोंडावर ढकलायचे. आपल्याकडच्या कार्यक्रमांचा सर्वांत मोठा शत्रू पाऊस नव्हे, वीज नव्हे, सत्कार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण ज्याच्या पैशावर मांडव उभा राहतो त्याला शाल नको असे सांगणेही शहाणपणाचे नव्हे. अण्णांनी यादीतले एकही नाव गाळायला नकार दिला. मी त्यांच्याकडून एवढेच कबूल करून घेतले की त्या दिवशी वेळेसंबंधीचा शेवटचा शब्द आम्हा दोघांचाच राहील आणि समितीतला तिसरा कोणी ध्वनिक्षेपकावरून परस्पर काही जाहीर करणार नाही.

दिंडी आठ वाजता निघाली. ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथा पालखीत होती, पुढे लेझीम खेळणाऱ्या मुली आणि मागे टाळमृदंगाच्या गजरात भजनी मंडळ. तक्त्यात दिंडीला पाऊण तास होता. पहिल्याच गल्लीत दारादारांतून बाया आरतीची ताटे घेऊन उभ्या होत्या, पालखी वाहणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालत होत्या आणि कोणालाच डावलता येत नव्हते. एका आजीबाईंनी तर पालखीच्या दांड्यालाच हात घातला आणि म्हणाल्या, “माझ्या दारात थांबल्याबिगर म्होरं न्यायची न्हाई.” नऊ वाजले तेव्हा अर्धा गावही फिरून झाला नव्हता. संमेलनाध्यक्षांना रात्री कोल्हापुरातून महालक्ष्मी एक्सप्रेस गाठायची होती. कोल्हापूर तिथून शंभरहून अधिक किलोमीटर, म्हणजे चारपर्यंत त्यांची गाडी गावाबाहेर पडायला हवी होती.

दिंडी आवरती घ्या, असे समितीतले दोघे-तिघे म्हणू लागले. पालखी ज्या दारांत थांबत होती त्यांतली कितीतरी दारे अण्णांच्याच यादीतली होती, हे तेवढ्यात माझ्या ध्यानात आले. दिंडीबरोबर चालणारे पाहुणे तिथे थांबून हात जोडत होते, फोटो निघत होते आणि घरची सगळी माणसे, म्हातारीकोतारी आणि सुनांसकट, उंबऱ्यात उभी होती. मांडवात झाला असता तर हा सत्कार त्यांतल्या एकट्या कर्त्या पुरुषाने पाहिला असता. मी अण्णांना बाजूला घेऊन विचारले, “शाली इथंच आणवल्या तर?” त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि टेम्पोवाल्याला हाक मारली. शालींचा खोका आणि नारळांचे पोते पालखीमागे आले. एका कार्यकर्त्याने यादी हातात धरली, दुसऱ्याने घर आले की नाव सांगितले आणि संमेलनाध्यक्षांनी प्रत्येकाच्या दारात त्याच्या खांद्यावर शाल घातली. हार मात्र आम्ही रद्द केले, कारण ते मांडवात पाण्याच्या बादल्यांत पडून होते.

दिंडी साडेदहाला पटांगणात शिरली तेव्हा एकतीस सत्कार झालेले होते. राहिलेले बारा बाहेरगावचे किंवा उशिरा आलेले; ते उद्घाटनाच्या वेळी वीस मिनिटांत उरकले. दिंडीने एक तास पंचेचाळीस मिनिटे खाल्ली होती आणि त्यातला काही वेळ असा परत मिळाला. उरलेला भार परिसंवादावर पडला: चार वक्त्यांना वीसऐवजी बारा मिनिटे देण्यात आली आणि घड्याळ धरून बसायला मी शाळेतल्या एका बाईंना विनंती केली, कारण वर्ग सांभाळणाऱ्या माणसाचे वक्ते ऐकतात, माझ्यासारख्या कंत्राटदाराचे ऐकत नाहीत. त्यांनी दहाव्या मिनिटाला चिठ्ठी आणि बाराव्याला घंटा असा नियम केला आणि तो एका माजी प्राध्यापकांनाही लागू केला.

संमेलनाध्यक्ष चारला दहा मिनिटे असताना निघाले. कविसंमेलन दिवे लागल्यानंतरही चालू राहिले, पण ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा असल्याने त्याची काळजी नव्हती; कवी आठच्या आतच संपले.

एक गृहस्थ मात्र रागावले. त्यांची देणगी यादीत सर्वांत मोठी होती, शाल दारात मिळाली हे त्यांना रुचले नाही आणि ते जेवायलाही आले नाहीत. अण्णा दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन आले, पण समजूत पटली नाही. गावात इतरांना हा प्रकार इतका आवडला की समितीने पुढच्या वर्षीच्या तक्त्यात दिंडीला अडीच तास देऊन सत्कार तिच्यातच घातले. त्या गृहस्थांनीही पुढच्या वर्षी देणगी दिली, फक्त पावतीपुस्तकात स्वतःच्या हाताने लिहून ठेवले: सत्कार मांडवात, दारात नको.