मारखा खोरे: निमालिंगच्या एका रात्रीसाठी केलेली सहा दिवसांची चाल

लडाखमधील मारखा खोऱ्याचा ट्रेक सोपा आहे, असे पुण्यात आम्हाला ज्यांनी ज्यांनी सांगितले त्यांचे बोलणे खोटे नव्हते, पण ते अपुरे होते. दोर लावावा लागेल असा कडा या वाटेवर कुठेही नाही, ऑगस्टमध्ये बर्फही तुडवावे लागत नाही, आणि चिलिंगपासून शांग सुमदोपर्यंतची साठ किलोमीटरांच्या आसपासची चाल सह्याद्रीत नियमित भटकणाऱ्याच्या पायांना जड जात नाही. कस लागतो तो पायांचा नव्हे. सुमारे ४,८०० मीटर उंचीवरच्या निमालिंगच्या कुरणात एक रात्र काढायची असते आणि दुसऱ्या सकाळी सुमारे ५,२०० मीटरवरचा ‘कोंगमारू ला’, म्हणजे कोंगमारूची खिंड, ओलांडायचा असतो. आधीचे सगळे दिवस त्या एका रात्रीची तयारी असते. आमच्या सातजणांपैकी सहाजण ती रात्र पार करू शकले. सातवा का करू शकला नाही हे पुढे सांगणार आहे, कारण त्यात चूक माझी होती.

लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या १,६४६ मीटरांच्या दुपटीहून अधिक उंचीवर विमान आपल्याला काही तासांत नेऊन सोडते. पहिला दिवस अंथरुणात, दुसरा बाजारात रेंगाळण्यात आणि तिसरा शांती स्तूपाच्या पायऱ्या सावकाश चढण्यात घालवावा, हा शिरस्ता आम्ही पाळला. निदान आमच्यापैकी सहाजणांनी. एका मित्राला रजा मिळेना, म्हणून तो दोन दिवस उशिरा आला आणि लेहमध्ये एकच रात्र राहून आमच्याबरोबर निघाला. तिकिटे मी काढली होती. तो रोज दहा किलोमीटर धावतो, त्याला काय होणार आहे, असे म्हणून मीच होकार दिला होता. धावण्याच्या सवयीचा आणि उंची सोसण्याचा संबंध फार थोडा आहे. उलट तंदुरुस्त माणूस भरभर चालतो आणि त्यामुळे लवकर अडचणीत येतो, हे आमच्या गाइडने पहिल्याच दिवशी बजावले होते. लडाखी रीतीप्रमाणे आम्ही त्याला ‘आचो-ले’, म्हणजे दादा, म्हणत असू.

लेहहून गाडी सिंधूच्या काठाने निम्मूपर्यंत जाते. तिथे सिंधू आणि झंस्कार यांचे वेगवेगळ्या रंगांचे पाणी एकत्र येते. पुढे झंस्कारच्या घळीतून रस्ता चिलिंगला पोहोचतो. तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्या कारागिरांचे हे गाव आहे आणि त्यांचे पूर्वज नेपाळहून आले असे तिथे सांगतात. पूर्वी या भागात झंस्कार नदी तारेवरच्या पाळण्यातून ओलांडावी लागे. आता पूल आहे आणि गाडीरस्ता खोऱ्यात आत आत सरकतो आहे. मागाहून जाणाऱ्यांनी, तुमची चाल नेमकी कोठून सुरू होणार, हे ट्रेक ठरवतानाच विचारून घ्यावे. गाडी जितकी आत जाईल तितके वेळापत्रक आखूड करण्याचा मोह आयोजकांना होतो, आणि ग्राहकालाही स्वस्तातली आखूड सहल बरी वाटते. त्यातून कमी होतात ते नेमके शरीराला उंचीची सवय लावणारे दिवस.

चिलिंगच्या बाजूने शिरण्याचा मोठा फायदा असा की पहिला मुक्काम स्क्यूला, लेहपेक्षा किंचित खालच्या उंचीवर पडतो. गांडा ला ओलांडून येणारी जुनी वाट अधिक देखणी असेलही, पण तिच्यावर सुरुवातीलाच ४,९०० मीटरच्या घरात जावे लागते. स्क्यू, सारा आणि मारखा गाव असे आमचे पहिले तीन मुक्काम होते. स्क्यू ते मारखा हे अंतर बरेच गट एका दिवसात कापतात, आम्ही त्याचे दोन दिवस केले. नदीकाठी छरम्याच्या काटेरी झुडपांना नारिंगी फळे धरू लागली होती, गावांत जवाची कापणी चालली होती आणि मधल्या वळणावळणांवर सैन्याच्या जुन्या पॅराशूटच्या कापडाखाली गावातल्या बायकांनी चहाची दुकाने मांडली होती. तिथे गुरगुर चहा, म्हणजे मीठ-लोण्याचा चहा, एकदा तरी घ्यावा. चहा म्हणून घेतला तर घशाखाली उतरत नाही, सूप समजून घेतला तर उतरतो. मणी-भिंती, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती, आणि छोर्तेन, म्हणजे स्तूप, आपल्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचे असते. वाट दोन्ही बाजूंनी असली तरी ही रीत मोडू नये.

तंबूतल्या ट्रेकची एक दिनचर्या असते आणि ती दुसऱ्याच दिवशी अंगवळणी पडते. पहाटे तंबूच्या दाराशी चहा, मागोमाग हात-तोंड धुण्यासाठी वाटीभर कोमट पाणी, आणि आपण नाश्ता करत असताना मागे तंबू उतरवल्याचा आवाज. स्वयंपाकी, मदतनीस आणि दोन घोडेवाले नऊ घोड्यांसह आमच्या नंतर निघत आणि दुपारी आमच्या आधी पोहोचत. घोड्यावर जाणारी बॅग मऊ असावी, चाकांची किंवा कडक पाठीची चालत नाही; आतले सगळे सामान जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधावे, कारण घोडा नदीतून जाताना बॅग ओली होतेच. आपल्या पाठीवरच्या सॅकमध्ये मात्र पाणी, जाकीट, पोंचो आणि औषधे नेहमी असावीत. घोडे वेगळ्या वाटेने जातात आणि गारठा आला म्हणून ते तुमच्यासाठी थांबत नाहीत.

मारखा नदी ठिकठिकाणी पुलांवरून ओलांडता येते, तरी आम्हाला तीनदा पाण्यात उतरावे लागले. वरचे बर्फ दिवसभर वितळत असल्याने सकाळी पोटरीपर्यंत असणारे पाणी दुपारी मांडीला लागते. म्हणून ओलांडण्याची जागा जेवणाआधी गाठावी. अनवाणी उतरू नये, मागे पट्टा असलेल्या सँडल वापराव्यात, सॅकचा कमरपट्टा सोडून ठेवावा, म्हणजे पाय घसरलाच तर ओझे झटकन टाकता येते, आणि तोंड प्रवाह जिकडून येतो त्या वरच्या बाजूला ठेवून तिरके सरकावे. पाणी इतके गार असते की पलीकडे गेल्यावर पायांची बोटे आपली आहेत की नाहीत, हे हाताने चाचपून पाहावे लागते. कोरड्या नाल्यांच्या तोंडाशी तंबू लावण्याचा आग्रह कधीही धरू नये. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री लेह परिसरात ढगफुटीने जो हाहाकार केला, त्याच्या खुणा आचो-लेने वाटेवर एकदोन ठिकाणी दाखवल्या. घराएवढे धोंडे वाळक्या ओढ्याच्या पात्रात पडलेले होते.

हा सगळा मुलूख हेमिस राष्ट्रीय उद्यानात येतो. १९८१ मध्ये स्थापन झालेले हे उद्यान सुमारे ४,४०० चौरस किलोमीटरचे, म्हणजे देशातले सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान आहे आणि हिमबिबट्यासाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात तो दिसण्याची आशा धरू नये. हांकर गावात मात्र त्याचे अस्तित्व जाणवले. दगडी भिंतींच्या एका गोठ्यावर छपराऐवजी तारेची जाळी ताणून बसवलेली होती. बिबट्या उघड्या गोठ्यात उडी घेतो आणि भेदरलेल्या मेंढ्यांच्या गर्दीत एकामागून एक कित्येक मारतो. एका रात्रीत घराचे वर्षाचे उत्पन्न जाते. पूर्वी अशा वेळी बिबट्याला मारले जाई. आता जाळीचे गोठे आणि घरगुती मुक्कामांतून बायकांच्या हाती येणारा पैसा यांमुळे तो राग निवळला आहे, असे घरमालकीण आमा-ले सांगत होत्या. तंबूचा ट्रेक घेतला तरी एखादी रात्र अशा घरात काढावी असे मी सुचवीन. आम्ही नुसते जेवलो, आणि कणकेचे गोळे घालून शिजवलेला तो स्क्यू नावाचाच पदार्थ आमच्या तंबूतल्या पास्त्यापेक्षा कितीतरी सरस होता.

मारखा गावापुढे कड्याच्या टोकावर तेचा गोम्पा, म्हणजे बौद्ध मठ, लागते, मग हांकरच्या किल्ल्याचे अवशेष, आणि त्यानंतर समोर कांग यात्से हे ६,४०० मीटरचे शिखर उभे राहते. चौथा मुक्काम थाचुंगत्सेला, सुमारे ४,२५० मीटरवर होता. ३,००० मीटरच्या वर एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीपर्यंत झोपण्याची उंची पाचशे मीटरपेक्षा फार वाढवू नये, असा वैद्यकीय दंडक आहे. हांकरहून थेट निमालिंगला जाणारे गट आठशे मीटर चढतात. थाचुंगत्सेचा मुक्काम वगळणारे वेळापत्रक कोणी दिले तर ते परत करावे.

त्या संध्याकाळी आमच्या मित्राने रस्सा पुढे सरकवून दिला आणि भूक नाही म्हणाला. डोके दुखते का, असे आचो-लेने सर्वांना विचारले तेव्हा तो मान हलवून नाही म्हणाला. दुखत होते. आपल्यामुळे गट अडेल या भीतीने त्याने लपवले, आणि तंबूत त्याच्या शेजारी झोपणाऱ्या मला ते कळले असूनही मी गोळी देऊन गप्प बसलो.

निमालिंगचे वर्णन करण्याचा मोह आवरत नाही. घळीतून वर येताच जमीन एकदम सपाट होते, हिरवळीतून ओढ्याचे चारपाच पदर वाहतात, खोऱ्यातल्या गावांनी उन्हाळ्यासाठी आणलेल्या मेंढ्या आणि याक चरत असतात आणि ‘फिया’, म्हणजे मार्मोट, बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभे राहून शिट्ट्या घालतात. सूर्य कांग यात्सेच्या मागे गेला की दहा मिनिटांत हातमोजे लागतात, आणि ऑगस्ट असूनही पहाटे तंबूच्या आतल्या बाजूला श्वासाचा बर्फ धरलेला असतो. पाण्याची बाटली, मोबाइल आणि हेडलॅम्पच्या बॅटऱ्या झोपण्याच्या पिशवीतच घ्याव्यात. पिशवी शून्याखाली दहा अंशांपर्यंत पुरणारी असावी आणि ती आयोजकांकडून घ्यायची असेल तर लेहमध्येच उलगडून, वास घेऊन आणि चेन ओढून पाहावी. आमच्यातल्या एकीच्या पिशवीची चेन तिसऱ्या रात्री निघाली.

सात वाजता मित्राला दोनदा उलटी झाली. ऑक्सिमीटरवर माझा आकडा ८२ होता, त्याचा ६८. आचो-लेने आकड्याकडे पाहिले, पण निर्णय त्यावरून घेतला नाही. त्याने तंबूबाहेर जमिनीवर एक दोरी सरळ पसरली आणि एका पावलाची टाच दुसऱ्याच्या चवड्याला टेकवत तिच्यावरून चालायला सांगितले. बॅटरीच्या उजेडात आम्ही पाहत होतो. चौथ्या पावलाला मित्र डावीकडे कलला, हसला, पुन्हा सुरुवात केली आणि पुन्हा चौथ्यालाच कलला. आचो-लेने दोरी गुंडाळली आणि घोडा आणायला सांगितले. सकाळपर्यंत वाट पाहू, असे मी म्हणालो, त्यावर त्याने शांतपणे सांगितले, “सर, सकाळी हे चालू शकणार नाहीत.” तोल जाणे हे मेंदूला सूज येऊ लागल्याचे लक्षण असते आणि त्यावर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे. ऑक्सिजन आणि औषधे वेळ मिळवून देतात, इतकेच. आठ वाजता मदतनीस आणि एक घोडेवाला त्याला घेऊन थाचुंगत्सेकडे निघाले, सिलिंडर बरोबर देऊन.

म्हणून आयोजक निवडताना तंबू किती माणसांचा आणि जेवणात गोड काय, याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: ऑक्सिजन सिलिंडर भरलेला आहे का, आजाऱ्यासाठी एक घोडा मोकळा ठेवला जातो का, आणि गट फुटला तर खाली जाणाऱ्याबरोबर कोण जाईल. आमच्या मोबाइलला खोऱ्यात कुठेही रेंज नव्हती. लेहमध्येही आपल्याकडचे प्रीपेड कार्ड चालेल असे धरून न चालता पोस्टपेड न्यावे. खासगी सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय आपल्या देशात वापरता येत नाही. विमा काढला असेल तर तो किती उंचीपर्यंत लागू आहे, ते वाचावे. डायमॉक्सची गोळी उंचीच्या त्रासाच्या प्रतिबंधासाठी बहुधा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा अशी देतात, पण सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी आणि एरवीही डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. बोटांना मुंग्या येतात आणि रात्री दोनदा तंबूबाहेर जावे लागते, त्याने घाबरू नये.

आम्ही सहाजण पहाटे पाचला निघालो. चारशे मीटरांच्या चढाला सव्वादोन तास लागले, वीस पावले आणि थांबा, वीस पावले आणि थांबा. ‘ला’ म्हणजेच खिंड, तेव्हा कोंगमारू ला खिंड म्हणण्याचे कारण नाही. वर लुंगता पताकांचा गुंता वाऱ्यावर फडफडत होता, मागे कांग यात्से आणि पुढे सिंधूच्या पलीकडची लडाख रांग. दहा मिनिटांहून अधिक कोणी थांबले नाही. उतार मात्र दीड हजार मीटरांहून अधिक आहे आणि गुडघ्यांची परीक्षा तिथे होते. जांभळ्या, हिरव्या, गंजासारख्या तांबड्या खडकांच्या घळीतून ओढा पुन्हा पुन्हा ओलांडत छोकदोमार्गे शांग सुमदोला यायला आम्हाला सात तास लागले. दोन काठ्या नसत्या तर नऊ लागले असते.

मित्राची डोकेदुखी थाचुंगत्सेला पोहोचल्यावर पहाटेपर्यंत उतरली होती. तो आल्या वाटेने घोड्यावरून आणि पुढे गाडीने आमच्यानंतर एका दिवसाने संध्याकाळी लेहला आला, त्याला थेट रुग्णालयात नेऊन तपासून घेतले आणि सगळे ठीक आहे असे डॉक्टरांनी सांगितल्यावर त्याने पहिल्यांदा पोटभर थुक्पा खाल्ला. आमचे परतीचे विमान दुसऱ्या सकाळी साडेसातचे होते. ट्रेक संपणे आणि विमान यांत तिकिटे काढताना मी एक दिवस मोकळा ठेवला होता, तोही हवामानाचा विचार करून. आता मी दोन ठेवतो.